क्रूझवरील सुगम्य केबिन: कोणी घ्यावी, कशी मागावी आणि केव्हा सोडून द्यावी

क्रूझ जहाजावरील साध्या केबिनच्या स्नानगृहाला उंबरठा असतो. जहाज हेलकावे खाऊ लागले तरी शॉवरचे पाणी खोलीतल्या गालिच्यापर्यंत येऊ नये म्हणून तो मुद्दाम उंच ठेवलेला असतो, आणि नीट चालता येणाऱ्या माणसाच्या तो ध्यानातही येत नाही. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला मात्र तो ओलांडता येत नाही. किंबहुना तो तिथपर्यंत पोहोचतच नाही, कारण साध्या केबिनचे दार बहुधा २२ ते २४ इंच रुंद असते आणि हाताने ढकलायची नेहमीची व्हीलचेअर चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंत मोजली तर २५ इंचांच्या आसपास भरते. एका इंचासाठी का होईना, खुर्ची दारातच अडते. अशा प्रवाशांसाठी जहाजावर ज्या थोड्या केबिन वेगळ्या बांधलेल्या असतात, त्यांना या लेखात सुगम्य केबिन म्हटले आहे. त्या कोणी घ्याव्यात, कशा मागाव्यात आणि आपल्याला गरज नसताना हाती आल्या तर काय करावे, याची ही क्रमवार मांडणी आहे.

या केबिनवरून वाद होतात, त्याचे मूळ त्यांच्या संख्येत आहे. दोन-अडीच हजार केबिन असलेल्या मोठ्या जहाजावरही सुगम्य केबिन साधारणपणे काही डझनच असतात. त्या पुन्हा आतल्या, खिडकीच्या, बाल्कनीच्या आणि स्वीटच्या अशा वर्गांत विभागलेल्या असल्यामुळे एखाद्याच्या ऐपतीच्या वर्गात प्रत्यक्षात मोजक्याच उरतात. दुसरीकडे, व्हीलचेअर वळवायला जागा सोडावी लागते म्हणून या केबिन त्याच वर्गातील इतर केबिनपेक्षा ऐसपैस असतात, पुष्कळदा लिफ्टजवळ असतात आणि भाडे मात्र सहसा त्याच वर्गाचे असते. एवढे आमिष पुरेसे ठरते. ज्याला काहीही अडचण नाही असा प्रवासी ‘तेवढ्याच पैशांत मोठी खोली’ म्हणून ती घेतो आणि त्याच्या सोयीत थोडी भर पडते. ती न मिळालेला व्हीलचेअरवरचा प्रवासी लहान खोलीत भागवू शकत नाही, त्याची सफरच रद्द होते.

केबिनमध्ये नेमके काय वेगळे असते

पूर्ण सुगम्य केबिनचे दार साधारण ३२ इंच मोकळे उघडते. आत ६० इंच व्यासाचे वर्तुळ मावेल एवढी मोकळी जागा सोडलेली असते, कारण खुर्ची जागच्या जागी फिरवायला तेवढी लागतेच. पलंगाच्या निदान एका बाजूला खुर्ची लावता येते, कपाटातली दांडी बसल्या जागेवरून हाताला लागते, स्नानगृहाचा उंबरठा काढलेला असतो किंवा त्यावर उतार बसवलेला असतो, शॉवरमध्ये भिंतीला दुमडून ठेवता येणारे आसन असते, कमोड उंच असतो, वॉशबेसिनखाली गुडघे जातील अशी पोकळी असते, आणि कमोडशेजारी व शॉवरमध्ये आधाराच्या दांड्या असतात.

काही कंपन्या याच्या जोडीला मर्यादित सुगम्य असा दुसरा प्रकार ठेवतात. ही केबिन काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांसाठी असते. तिच्यात आधाराच्या दांड्या आणि शॉवरचे आसन मिळते, पण दार अरुंद असू शकते आणि खुर्ची फिरवण्याची जागा गृहीत धरता येत नाही. तिसरा प्रकार खरे तर केबिनचा नाहीच. ऐकू न येणाऱ्या प्रवाशाला उपकरणांचा एक संच मिळतो. दारावरची टकटक आणि फोनची घंटा त्यातल्या दिव्याच्या उघडझापीने कळते, गजर झाला की उशीखालचे यंत्र थरथरते, आणि हा संच सहसा कोणत्याही केबिनमध्ये बसवून देता येतो.

डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, मात्र या सगळ्यांपुढे पुष्कळदा व्हीलचेअरचे एकच चिन्ह छापलेले असते. त्या चिन्हावर विसंबून केबिन घेणे ही नवख्या प्रवाशाची सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि तिचा फटका दोन्ही बाजूंना बसतो: ज्याला पूर्ण सुगम्य केबिन हवी तो मर्यादित प्रकारात अडकतो, आणि ज्याचे मर्यादित प्रकारात भागले असते तो पूर्ण सुगम्य केबिन अडवून बसतो.

पहिली पायरी: गरज सोयीशी ताडून पाहणे

बुकिंगला हात घालण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे वर सांगितलेल्या सोयी एकेक करून लिहाव्यात आणि उजवीकडे, ती सोय नसेल तर जहाजावरच्या साध्या दिवसात आपले नेमके काय अडेल, ते लिहावे. ‘बरे पडेल’ किंवा ‘आवडेल’ अशी उत्तरे उजव्या रकान्यात धरू नयेत.

सुरुवात रात्रीच्या दोन वाजल्यापासून करावी. झोपेतून उठून कमोडपर्यंत कसे जाणार? ‘पलंगावरून खुर्चीत सरकतो, खुर्ची आत नेतो, तिचे ब्रेक लावतो आणि उजव्या हाताने दांडी धरून कमोडवर सरकतो,’ असे ज्याचे उत्तर आहे त्याला रुंद दार, सपाट उंबरठा, कमोडशेजारची मोकळी जागा आणि ठरावीक बाजूची दांडी अशा चारही गोष्टी लागतात. त्यातली एक जरी नसली तरी बाकीच्या तिघींचा उपयोग होत नाही. असा प्रवासी पूर्ण सुगम्य केबिनचा पहिला हक्कदार आहे, आणि तिच्यासाठी त्याने कोणापुढेही ओशाळण्याचे कारण नाही. ‘उठतो, भिंतीला हात लावत चार पावले जातो, फक्त बसताना-उठताना आधार लागतो,’ असे उत्तर असेल तर मर्यादित सुगम्य केबिन पुरते. कित्येकदा साधी केबिनही पुरते, कारण तिथले स्नानगृह इतके आटोपशीर असते की भिंती हाताशीच येतात, आणि कमोडची उंची वाढवणारे आसन व शॉवरमध्ये ठेवायचे स्टूल पुष्कळ कंपन्या आधी कळवल्यास केबिनमध्ये आणून ठेवतात.

वय हे स्वतःहून कारण होत नाही. सत्तरी ओलांडली म्हणून केबिन मागता येत नाही. गुडघा वाकत नाही म्हणून मागता येते, मग वय तिशीचे का असेना. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि जहाज सुटेपर्यंत तो सुटा होणार नाही, अशा प्रवाशाची गरज तात्पुरती असली तरी त्या सफरीपुरती ती पूर्ण खरी असते. झोपेत श्वास नीट चालावा म्हणून यंत्र वापरणाऱ्याला पलंगाजवळ वीज पोहोचवणारी एक एक्स्टेन्शन वायर लागते, इन्सुलिन घेणाऱ्याला लहान फ्रिज लागतो. या गोष्टी साध्या केबिनमध्येही मिळतात, त्यामुळे आजार गंभीर असूनही सुगम्य केबिनची गरज उद्भवत नाही. बाळाची गाडी, जास्तीचे सामान किंवा ‘आई-वडिलांना जरा मोकळे वाटेल’ ही कारणे यात अजिबात बसत नाहीत.

याच्या उलट टोकाला बाहेरून न दिसणाऱ्या अडचणी आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेली व्यक्ती सकाळी डेकवर सहज चालताना दिसेल आणि संध्याकाळी तिला शॉवरमध्ये उभे राहणेही जमणार नाही. तोल जाण्याचा त्रास असलेल्याला जमिनीवर जे जमते ते हलत्या जहाजावर जमेलच असे नाही. अशा प्रवाशाने रकाने भरताना आपला सर्वांत वाईट दिवस समोर ठेवावा. चांगल्या दिवशी चालताना कोणी पाहील आणि संशय घेईल, या भीतीने आपली खरी गरज कमी करून सांगू नये.

सर्वांत अवघड प्रकरण स्कूटरचे आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक. केबिनच्या आत चालू शकणारे, पण जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याइतका दम नसलेले पुष्कळ प्रवासी विजेवर चालणारी स्कूटर वापरतात. ही स्कूटर रात्री कॉरिडॉरमध्ये उभी करता येत नाही, कारण आग लागली किंवा जहाज सोडण्याची वेळ आली तर तीच बाहेर पडण्याची वाट असते. त्यामुळे ती केबिनच्या आत ठेवणे आणि तिथेच चार्ज करणे भाग असते. साध्या केबिनच्या दारातून ती जात नसेल तर तिच्या मालकाला स्नानगृहातल्या एकाही सोयीची गरज नसताना रुंद दाराची केबिन लागते. ही गरज खरी की सोयीची? ज्याची स्वतःची, नेहमीच्या वापराची स्कूटर घडी होत नाही, त्याची गरज खरी आहे असे मी मानतो, कारण तीच त्याचे पाय आहे. जो केवळ या सफरीसाठी भाड्याने स्कूटर घेणार आहे त्याने मात्र आधी साध्या दारातून जाणारी, अरुंद किंवा घडीची स्कूटर शोधावी आणि भाड्याने देणाऱ्याकडून तिची रुंदी इंचात लिहून घ्यावी. तशी मिळत असताना रुंद स्कूटर घेऊन तिच्या निमित्ताने सुगम्य केबिन मागणे मला न्याय्य वाटत नाही.

नियम कोणाच्या बाजूने उभे आहेत

अमेरिकेचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९९० सालचा. परदेशी झेंड्याखाली चालणाऱ्या क्रूझ जहाजांना तो लागू होतो की नाही, हा प्रश्न त्यानंतर बरीच वर्षे लोंबकळत राहिला आणि २००५ साली स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेच्या सागरी हद्दीत असलेल्या अशा जहाजांना तो लागू होतो, असा निर्णय दिला. मात्र आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांशी विरोध येईल असे बदल जहाजाकडून मागता येणार नाहीत, अशी मर्यादाही त्यासोबत घातली. पुढे २०१० साली अमेरिकेच्या परिवहन खात्याने प्रवासी जहाजांसाठी स्वतंत्र नियम केले. अमेरिकी बंदरात प्रवासी घेणाऱ्या परदेशी जहाजांनाही ते लागू होतात, आणि सुगम्य केबिनविषयीचे त्यांतले कलम प्रत्येक प्रवाशाने माहीत करून घेण्यासारखे आहे.

त्या कलमानुसार, त्याच वर्गातील तशाच प्रकारच्या इतर केबिन विकल्या जाईपर्यंत कंपनीने सुगम्य केबिन दिव्यांग प्रवाशांसाठी राखून ठेवायच्या असतात. केबिन मागणाऱ्याला, ज्याच्यासाठी ती हवी आहे त्या व्यक्तीला चालण्या-फिरण्याची अडचण आहे का किंवा केबिनमधील विशेष सोयी लागतील असे अपंगत्व आहे का, हे कंपनीने विचारलेच पाहिजे. तशी लेखी हमी ती मागू शकते. खोटे सांगून केबिन घेतल्याचा सबळ संशय असेल तर चौकशी करणे तिच्यावर बंधनकारक आहे, आणि खोटी हमी देणाऱ्याला जहाजावर घेण्यास ती नकार देऊ शकते. थोडक्यात, बुकिंगच्या वेळी ‘अपंगत्व आहे का’ असे कोणी विचारले तर तो अपमान समजू नये; तो प्रश्न आपल्यासाठीच केबिन शिल्लक राहावी म्हणून विचारलेला असतो. हमीपत्रावर मात्र प्रत्येक शब्द वाचून सही करावी. एजंटाने ‘ही फक्त औपचारिकता आहे’ असे म्हटले, तरी सही आपली असते.

युरोपीय संघात सागरी प्रवाशांच्या हक्कांचा ११७७/२०१० हा नियम १८ डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बुकिंग नाकारता येत नाही. सुरक्षेचे नियम, किंवा जहाजाची वा बंदराची रचनाच अशी असणे की प्रवाशाला सुरक्षितपणे नेता येणार नाही, एवढीच कारणे चालतात. नकार दिलाच तर कारण लगेच सांगावे लागते आणि मागितल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी द्यावे लागते. प्रवाशाचीही एक बाजू त्यात आहे: राहण्याच्या जागेबद्दलची विशेष गरज बुकिंगच्या वेळी ठाऊक असेल तर ती त्याच वेळी कळवायची असते, आणि चढण्या-उतरण्यासाठीच्या मदतीची सूचना निदान दोन कामकाजाचे दिवस आधी द्यायची असते.

दुसरी पायरी: बुकिंग

सुगम्य केबिन हवी असेल तर घाई करावी. सफरींचे बुकिंग पुष्कळदा दीड-दोन वर्षे आधी उघडते, आणि सुट्ट्यांच्या दिवसांतल्या सुगम्य केबिन पहिल्या काही महिन्यांतच संपतात. बुकिंग शक्यतो कंपनीच्या सुगम्यता विभागाशी फोनवर बोलून करावे, किंवा या कामाचा अनुभव असलेल्या एजंटाकडून. अनुभव आहे की नाही हे एका प्रश्नात कळते: ‘या केबिनमध्ये कमोडवर सरकायला मोकळी बाजू डावी आहे की उजवी?’ ज्याला प्रश्नच समजत नाही तो एजंट तुम्हाला चिन्ह पाहून केबिन देईल.

विचारायच्या बाकीच्या गोष्टीही मापात विचाराव्यात. दार उघडल्यावर मोकळी रुंदी किती इंच, पलंगाची जमिनीपासूनची उंची किती, रुग्णाला उचलणारे यंत्र वापरत असाल तर पलंगाखाली त्याचे पाय सरकतील का, शॉवरचे आसन भिंतीला पक्के बसवलेले आहे की सुटे, बाल्कनीच्या दाराला उंबरठा आहे का, आणि असल्यास त्यावर उतार टाकून मिळतो का. ‘केबिन सुगम्य आहे’ हे उत्तर कोणत्याही प्रश्नाला चालवून घेऊ नये. त्याच वेळी आपल्या खुर्चीची किंवा स्कूटरची रुंदी, वजन आणि बॅटरीचा प्रकार कळवावा. हे सारे लेखी, म्हणजे निदान ईमेलवर असावे.

यानंतर कंपनी विशेष गरजांचा फॉर्म पाठवते. तो भरून परत करेपर्यंत केबिन पक्की झाली असे समजू नये, कारण फॉर्म मुदतीत न आल्यास केबिन काढून दुसऱ्याला देण्याचा अधिकार काही कंपन्या आपल्या अटींमध्ये राखून ठेवतात. फॉर्ममध्ये रोगाचे नाव मोठे करून लिहिण्यापेक्षा काय जमते आणि काय जमत नाही, हे लिहिलेले उपयोगी पडते: ‘दोन पायऱ्या चढता येतात, उतरता येत नाहीत,’ किंवा ‘पलंगावरून खुर्चीत जाताना एका माणसाची मदत लागते.’

आणखी एक गोष्ट, जी दिव्यांग प्रवाशांच्या मंडळींतही उघडपणे बोलली जात नाही. केबिन दुर्मीळ असल्यामुळे काही जण दोन-तीन सफरींवर सुगम्य केबिन धरून ठेवतात आणि पूर्ण पैसे भरण्याची मुदत, जी सहसा जहाज सुटण्याच्या सुमारे तीन महिने आधी येते, ती येईपर्यंत निर्णय लांबवतात. अनामत रक्कम परत मिळत असल्याने त्यांचे काही जात नाही. पण त्या मुदतीनंतर मोकळी झालेली केबिन दुसऱ्या व्हीलचेअरवाल्याच्या उपयोगी पडतेच असे नाही, कारण त्याला सोबतीला येणाऱ्याची रजा, विमानातली मदत, बंदरापर्यंतची गाडी हे सगळे जुळवायला तीन महिने अपुरे पडतात. धडधाकट माणसाने केबिन अडवली तर आपल्याला राग येतो. ही अडवणूकही तीच आहे.

सोबतच्या मंडळींच्या केबिन

एका दिव्यांग प्रवाशामागे एकच सुगम्य केबिन, हा साधा हिशेब ठेवावा. पती-पत्नी दोघेही व्हीलचेअर वापरत असतील तर एका केबिनमध्ये दोन खुर्च्या फिरतील का, हे मापे पाहून ठरवावे आणि फिरत नसतील तर दोन केबिन मागण्यात काही गैर नाही. मोठे कुटुंब असेल तर बाकीच्यांनी शेजारच्या किंवा समोरच्या साध्या केबिन घ्याव्यात. रात्री मदत करणारी व्यक्ती दिव्यांग प्रवाशाच्याच केबिनमध्ये झोपेल असे पाहावे. हमी एकाच्या नावाने द्यायची आणि प्रत्यक्षात आजी-आजोबांना आतल्या साध्या केबिनमध्ये ठेवून मोठ्या खोलीत नातवंडांसह तरुण मंडळींनी राहायचे, हाही गैरवापरच आहे, मग कागद कितीही नीट असोत.

न मागता सुगम्य केबिन मिळाली तर

कमी भाड्यात वर्ग निवडायचा आणि केबिन क्रमांक कंपनीने ठरवायचा, अशा बुकिंगमध्ये कधीकधी सुगम्य केबिन वाट्याला येते. त्यात प्रवाशाचा दोष नाही. साध्या केबिन संपल्यावर उरलेल्या सुगम्य केबिन कंपनी सर्वांना विकू शकते, आणि रिकामी केबिन घेऊन जहाज सुटल्याने कोणाचेही भले होत नाही. तरीही क्रमांक कळताच तो डेक प्लॅनवर पाहावा, आणि चिन्ह असेल तर कंपनीला किंवा एजंटाला फोन करून ‘आम्हाला या सोयींची गरज नाही, कोणाला हवी असल्यास आम्ही बदलून घ्यायला तयार आहोत’ असे कळवावे. शेवटच्या आठवड्यातही एखाद्याचा पाय मोडतो, एखाद्याची प्रतीक्षा यादीतली विनंती पडून असते. बदल मागितला गेला तर तो त्याच किंवा वरच्या वर्गात मिळावा एवढी अपेक्षा रास्त आहे. त्याहून अधिक घासाघीस करू नये.

राहावे लागलेच तर एक व्यावहारिक सूचना: या शॉवरला कडा नसते, त्यामुळे पाणी कमोडपर्यंत पसरते. दाराशी एक टॉवेल अंथरून ठेवावा.

केबिन शिल्लकच नसेल तर

‘संपल्या’ हे उत्तर पहिल्या फोनला मिळाले म्हणून थांबू नये. दुसऱ्या वर्गात आहे का, हे विचारावे. प्रतीक्षा यादीत नाव लिहून घ्यावे, आणि पूर्ण पैसे भरण्याच्या मुदतीच्या दिवशी व त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा फोन करावा, कारण रद्द झालेली बुकिंग मुख्यतः तेव्हाच मोकळी होतात. अमेरिकी नियमांच्या कक्षेतली सफर असेल तर त्या वर्गातील सुगम्य केबिन राखीव असताना कोणाला आणि कशी दिली गेली, त्या प्रवाशांना नियमाप्रमाणे प्रश्न विचारला गेला का, असे शांतपणे आणि लेखी विचारता येते. कोण राहतो आहे हे कंपनी सांगणार नाही, सांगूही नये. पण आपल्या याद्या पुन्हा तपासण्याची विनंती तिला करता येते. दारात खुर्ची मावत नसताना ‘काहीतरी करू’ म्हणून साधी केबिन घेणे मात्र टाळावे. खुर्ची घडी करून आत न्यायची आणि प्रवाशाला दोघांनी उचलून पलंगावर ठेवायचे, हे बंदरात उभ्या जहाजावर एखाद्या वेळी जमते. आठ रात्री, हलत्या जहाजावर जमत नाही.

केबिन मिळाली म्हणजे सगळी सफर सुगम्य झाली, असेही नाही. काही बंदरांत जहाज दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. कॅरिबियनमधले ग्रँड केमन आणि ग्रीसमधले सँटोरिनी ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. विजेवर चालणारी जड खुर्ची त्या बोटींतून सहसा नेत नाहीत. बंदरांची यादी केबिन निवडण्याआधीच पाहिलेली बरी.

जहाजावर चढल्यानंतर

पहिल्याच तासात केबिनमध्ये जाऊन दार, उंबरठा, आसन आणि दांड्या कबूल केल्याप्रमाणे आहेत का ते पाहावे. जहाज सुटण्याआधी काही बदलून मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाहीत, म्हणून कोणते कर्मचारी, कुठे आणि कशाने जिन्यावरून नेणार हे केबिनच्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवावे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. तिथे आपली अडचण पुन्हा एकदा सांगावी. सुगम्य केबिनच्या नोंदी खऱ्या असण्याचे हेही एक कारण आहे. मदत करणारी तुकडी त्या यादीवरून दार ठोठावते, आणि जिथे मदतीची गरज नाही अशा दाराशी तिचा वेळ गेला तर तो दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा असतो.

एखाद्या सुगम्य केबिनमधून धावत बाहेर पडणारी माणसे दिसली तर कॉरिडॉरमध्ये जाब विचारू नये, फोटो काढू नयेत. ज्याला ती केबिन लागते तो कदाचित आत पलंगावर पडलेला असेल. खरोखर शंका असेल तर मदत कक्षात केबिन क्रमांक आणि आपण काय पाहिले एवढेच सांगावे. हमीपत्र कंपनीकडे आहे आणि चौकशीचे काम तिचे आहे.

शेवटी, सफर रद्द करायची वेळ आली तर ती रद्द करावी त्याच दिवशी, मुदतीची वाट न पाहता. फोन केला तरी मागोमाग ईमेल पाठवावा आणि त्यात केबिन क्रमांकासोबत ती सुगम्य असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे ती साध्या केबिनच्या साठ्यात न मिसळता प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाकडे जाईल.